ऊन चढलं की ताटं बाहेर

फोटोग्राफीच्या धंद्यात शिरलो तेव्हा पहिला नियम कानावर पडला तो हा: सकाळी नऊनंतर आणि संध्याकाळी चारच्या आत उघड्यावर फोटो काढू नयेत. ऊन डोक्यावर असलं की डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, पांढरं ते सगळं जळून जातं, झाडाच्या पानावर नुसती चकाकी येते. नियम खरा आहे. पण घरी माझी मोठी काकू याच्या नेमका उलटा नियम पाळायची. नऊ वाजले, खळ्यात ऊन चढलं, की ती माजघरातून हाक मारायची, “अरे, ताटं बाहेर काढा रे!” आणि चार वाजले की ताटं आत. म्हणजे ज्या वेळात मी कॅमेरा बंद ठेवायचा, त्याच वेळात घराचं वर्षभराचं काम व्हायचं: आंबापोळी, फणसपोळी, आमसुलं, सांडगी मिरची, पोह्याचे पापड.

कॅमेरा मिटून बसण्यात मी कितीतरी उन्हाळे घालवले, याची मला आज मनापासून हळहळ वाटते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी मुख्यतः खाण्याच्या पदार्थांचे फोटो काढतो. आंबा बागायतदारांसाठी, कोकम-आमरसाच्या वेष्टनांसाठी, पाककृतींच्या पुस्तकांसाठी. त्यातलं जे मला नीट येतं, ते मी कुठल्या वर्गात शिकलो नाही. रत्नागिरीजवळच्या फणसोपच्या घराच्या खळ्यात, वैशाखाच्या भर दुपारी, काकूच्या ताटांशेजारी बसून शिकलो.

आंबापोळीच घ्या. रायवळ आंब्याचा रस गाळून, साखर घालून जरासा आटवायचा आणि तूप लावलेल्या स्टीलच्या ताटात पातळ पसरायचा. पितळेचं ताट चालत नाही, आंबट कळकतं. थर किती जाड, हे काकू कधी मापाने सांगत नसे. करंगळीचं टोक रसात टेकवून ताटाच्या तळाला लावायची आणि नखाचा मागचा चंद्र बुडाला की “पुरे” म्हणायची. थर जाड झाला किंवा ऊन कोवळं असलं, तर वरून सुकतं आणि आतून आंबतं. म्हणून तिला कडक ऊन लागे. रस आंबायच्या आत त्यातलं पाणी उडून जायला हवं, सगळं गणित एवढंच. पहिला थर धरला की त्यावर दुसरा, मग तिसरा.

ताटावर माश्या बसू नयेत म्हणून ती जुन्या मलमलीचा फडका चार काठ्यांवर ताणून बांधायची. एकदा मी सहज त्या फडक्याखाली कॅमेरा नेला आणि थक्क झालो. वर रणरणतं ऊन, खाली दुधासारखा मऊ उजेड. रसावर चकाकीचा एक ठिपका नाही, ताटाच्या कडेची सावली हलकी, रंग जसाच्या तसा. उजेड पसरवायला आम्ही फोटोवाले विकत घेतो तो पडदा आमच्या घरात दर वैशाखात बांधलेला असायचा. त्या दिवसापासून भर दुपारी पदार्थ टिपायचा तर माझ्या पिशवीत मलमलीचा दुहेरी फडका असतोच. तुमच्याकडे मलमल नसेल तर जुनं सुती पांढरं धोतर वापरा. रंगीत साडी नको, तिचा रंग पदार्थावर उतरतो.

आणि पोळी वाळली की उलट करा. म्हणजे उजेड वरून घेऊ नका, मागून घ्या. सुटी केलेली आंबापोळी दोन्ही हातांत धरून सूर्यासमोर नेली की ती काचेसारखी पेटते. थर कुठे जाड झाला, कुठे रेषा राहिल्या, दुसरा थर कुठून सुरू झाला, सगळं दिसतं. काकू तशी धरून पोळी पारखायची. मी तोच क्षण टिपला. माझ्या आजवरच्या कामातला तो मला सर्वांत आवडता फोटो आहे. त्यात तिचा चेहरा नाही, फक्त पोळीच्या कडेशी दहा बोटं आहेत.

आंब्याच्या रंगाबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पेट्यांवर, वेष्टनांवर हापूसचे फोटो खूप वाढले आणि त्यातल्या निम्म्यांत आंबा संगणकावर तांबडालाल केलेला असतो. आढीत पेंढ्यावर पिकलेल्या हापूसचा केशरी-पिवळा रंग इतका देखणा असतो की त्याला कुठल्याही रंगाची उसनवारी लागत नाही. तो बिघडतो तो आपल्या बेपर्वाईने. झाडाच्या सावलीत फोटो काढला तर पानांचा हिरवटपणा आंब्यावर चढतो. मोकळ्या सावलीत आभाळाचा निळा उजेड येतो आणि आंबा मलूल दिसतो. जांभ्याच्या भिंतीशी नेला तर तांबूस झाक येते. म्हणून आंब्याशेजारी पांढरा कागद ठेवून एक फोटो आधी काढावा, कागद पांढरा दिसेल असा रंगाचा तोल लावावा आणि मग आंब्याकडे वळावं. आमसुलांचं याच्या उलट. ती काळी-जांभळी, आणि कॅमेरा आपणहून काळ्याचं राखाडी करतो. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप खाली आणा आणि ऊन बाजूने घ्या. सालीवरची ओलसर झळाळी लगेच दिसेल.

आता एक वाईट आठवण. वैशाख संपत आला होता. दुपारचे साडेतीन झाले असतील. सह्याद्रीच्या बाजूने वळीव चढून आला. निम्मं आभाळ काळंनिळं, निम्म्यात लख्ख ऊन, आणि त्या काळ्या आभाळापुढे खळ्यात सोन्यासारखी चमकणारी अकरा ताटं. असा उजेड वर्षातून एखाद्या वेळीच मिळतो. मी स्टुलावर चढलो. काकू ओरडली, “अरे, फोटो कसले काढतोस! ताटं उचल आधी!” मी तीन फोटो घेतले. तेवढ्यात टपोरे थेंब आले. नऊ ताटं वाचली, दोन भिजली. त्या दोन ताटांतल्या पोळ्यांवर थेंबांचे खळगे तसेच राहिले आणि आषाढात त्यांना बुरशी धरली. काकू मला पुढे एका शब्दाने बोलली नाही. फोटो उत्तम आला होता, पण तो मी कुठेही छापायला दिला नाही. घरच्या कामाचे फोटो काढणाऱ्याने आधी कामाला हात लावावा, मग कॅमेऱ्याला, हे मी तेव्हापासून पाळतो.

दुपारचं ऊन टाळायचं नाही असं ठरवलं की रत्नागिरीत बघण्यासारखं फार काही हाती लागतं. आपलं शहर साधारण १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मे महिन्याच्या ७-८ तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. घड्याळात तेव्हा बारा नव्हे, साडेबारा वाजून गेलेले असतात, कारण आपलं घड्याळ प्रयागराजजवळच्या रेखांशावर चालतं आणि आपण त्याच्या बरेच पश्चिमेला आहोत. त्या वेळी खळ्यात पाण्याचा सरळ उभा पेला ठेवा. त्याची सावली दिसत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीला हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांमुळे सूर्यच क्वचित दिसतो. म्हणजे मुलांना दाखवायचं तर मेमध्येच. त्याच वेळी झावळ्यांच्या मांडवाच्या कडेला, सावलीत पण उन्हाकडे तोंड करून माणसाला बसवा. सारवलेल्या खळ्यावरून उसळलेला उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांतला काळोख जातो. भर दुपारी चेहरा टिपायला याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही.

मांडवाखाली जमिनीवर बघा. झावळ्यांच्या फटी वेड्यावाकड्या असतात, तरी पुष्कळसे कवडसे गोल पडतात. तो गोल फटीचा नसतो, सूर्याचा असतो. बारीक फटीतून सूर्याचं चित्रच खाली उतरतं. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीसारखे होतात. यावरूनच पुढचा खेळ. माजघराची दारं-खिडक्या लावून घ्या, फटी गोधड्यांनी बुजवा, आणि एका खिडकीला काळा पुठ्ठा लावून त्याला करंगळी जाईल एवढं भोक पाडा. डोळे काळोखाला सरावायला पाच-सात मिनिटं लागतात. मग समोरच्या भिंतीवर बाहेरची माडाची झाडं उलटी लटकलेली दिसू लागतात. वाऱ्याने झावळ्या हलतात त्याही दिसतात. बाहेर ऊन जितकं कडक तितकं चित्र स्पष्ट, म्हणून हा खेळ वैशाखाचाच. आमच्या घरातल्या मुलांना मी कॅमेरा म्हणजे काय ते असं दाखवलं. एकानेही त्या दुपारी मोबाइल मागितला नाही.

दुपारच्या उन्हाची मी इतकी बाजू घेतो, पण एका ठिकाणी ते अगदी निरुपयोगी ठरतं. सड्यावरची कातळशिल्पं. उक्षीचा हत्ती, कशेळीचा त्याहून कितीतरी मोठा हत्ती आणि त्याच्या पोटात खोदलेले प्राणी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू. २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आली. त्या नोंदीत नऊ ठिकाणं आहेत आणि त्यातली सात आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली. पावसात सड्यावर गवत माजतं, खोदलेल्या रेषांत पाणी आणि शेवाळ साचतं. उन्हाळ्यात गवत वाळून कातळ मोकळा होतो, त्यामुळे बघायला जाण्याचे दिवस हेच. पण रेषा उथळ. दुपारी गेलात तर सावली पडत नाही आणि समोर नुसता भाजलेला जांभा दिसतो. लोक हिरमुसून परत येतात. सूर्य उगवल्यावर पहिल्या तासाभरात पोचा. तिरपं ऊन एका कडेला लागतं, दुसरी कडा सावलीत जाते आणि अख्खा हत्ती कातळातून वर येतो. रेषा नीट दिसाव्यात म्हणून काही जण खडूने किंवा चुन्याने त्या गिरवतात. कृपा करून तसं करू नका. थोडं लवकर उठलं की तेच काम सूर्य करतो आणि मागे डाग ठेवत नाही.

शेवटी घरात कोणालाही जमेल असा एक छंद सांगतो. यात कॅमेरा लागत नाही. जॉन हर्शेल या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने १८४२ च्या सुमारास फुलापानांच्या रसावर प्रयोग करून दाखवलं की वनस्पतींचे रंग उन्हाने उडतात आणि त्यांचे फोटो करता येतात. इंग्लंडच्या उन्हात त्याला त्यासाठी दिवसच्या दिवस थांबावं लागे. आपल्याकडे स्वयंपाकघरात हळद आहे आणि खळ्यात वैशाख. दोन-तीन तासांत काम होतं.

दोन चमचे हळद अर्ध्या वाटी सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवा. हे काम चुलीपासून, गॅसपासून लांब करा, स्पिरिट भडकतं. दहा मिनिटांनी फडक्यातून गाळा आणि तो पिवळा अर्क चित्रकलेच्या जाड कागदावर ब्रशने सारखा लावा. कागद काळोख्या खोलीत वाळवा. मग त्यावर एखादं पान ठेवा. रातांब्याचं कोवळं तांबूस पान, शेवग्याची डहाळी, नेचा, काहीही. वर फोटोफ्रेमची काच दाबून बसवा आणि भर उन्हात ठेवा. पानाबाहेरचा पिवळा रंग फिकटत जातो. पुरेसा फिकटला की पान काढा आणि पाण्यात विरघळवलेला धुण्याचा सोडा हलक्या हाताने कागदावर फिरवा. हळदीत चुना कालवला की ती लाल होते हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. इथेही तेच घडतं. उन्हापासून वाचलेली हळद तांबडी होते आणि फिकट कागदावर पानाचं विटकरी चित्र उमटतं.

पहिलं चित्र उमटलं तेव्हा मी ते काकूला दाखवायला नेलं. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, ताटं उचलवत नाहीत, पडवीत बसून सांगते आणि सुना करतात. तिने कागद हातात घेतला, नेहमीच्या सवयीने उन्हासमोर धरून पारखला आणि विचारलं, “किती वेळ ठेवला होतास?” मी म्हटलं, अडीच तास. “अजून अर्धा तास हवा होता,” ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी अर्धा तास जास्त ठेवला. चित्र आधीच्यापेक्षा स्वच्छ आलं.

वैशाखाची आंबापोळी कदाचित डब्याच्या तळाशी उरली असेल. असली तर एक तुकडा सूर्यासमोर धरून बघा. पुढच्या उन्हाळ्यात घरातलं कोणी ताटं उन्हात काढत असेल तर शेजारी बसा, थर किती, मीठ किती, ऊन किती दिवस, ते लिहून घ्या आणि त्या हातांचे फोटो काढा. हळदीचे कागद करायचे तर कागद जाडच आणा, पातळ कागद सोड्याच्या पाण्याने सुरकुततो. आणि तयार झालेलं चित्र भिंतीवर लावू नका, उजेडात ते विरत जातं. वहीत ठेवा.