बाहुल्याची नजर

मनगटाचं प्लास्टर निघालं तेव्हा बोटं आखडली होती. व्यायाम म्हणून आईच्या जुन्या लोकरी मोज्यात हात घातला आणि मोज्याला तोंड शिवलं. भाचीसाठी छोटे व्हिडिओ करायचे, एवढंच तेव्हा मनात होतं.

बोलताना वरची चार बोटं उचलायची नाहीत, अंगठा खाली पाडायचा. नाहीतर बाहुला प्रत्येक शब्दाला आभाळाकडे बघतो. हे हळूहळू जमलं. डोळ्यांपाशी मात्र मी फार रेंगाळले. बुबुळं मधोमध लावली की नजर शून्यात जाते. किंचित नाकाकडे सरकवली की तो समोरच्याकडे बघू लागतो, आणि मग त्याला हात म्हणवत नाही. बाहुलीकार जिम हेन्सननं १९५५ साली आईच्या जुन्या कोटातून केर्मिट हा बाहुला शिवला, डोळ्यांना पिंगपाँगचा चेंडू कापून लावला. त्यानंही असेच डोळे सरकवून पाहिले असतील.

लहानपणी शब्दभ्रमकार रामदास पाध्यांच्या मांडीवरचा बाहुला अर्धवटराव बोलू लागला की पाध्यांकडे लक्षच जायचं नाही. आता टेबलाआड बसून, हात डोक्यावर धरून, मी फोनच्या पडद्यावर माझ्या बाहुल्यालाच बघत राहते. खांदा भरून येतो. तरी त्याची नजर लेन्सवरून ढळू द्यायची नाही, कारण ढळली की तो क्षणात रिकामा होतो.

अजून त्याला नाव नाही. आवाजही ठरलेला नाही. आईचा काढून बघावासा वाटतो. पण तो जमलाच तर मला ऐकवेल का?