एक कीबोर्ड, दोन लिपी

अब्बांनी निवृत्तीनंतर आपल्या आठवणी इनपेजमध्ये टाइप केल्या. दोन बोटांनी, पण रोज. ती फाइल अजून त्यांच्या डेस्कटॉपवरच आहे, कारण त्या जुन्या इनपेजमधला मजकूर दुसरीकडे चिकटवला की नुसत्या चिन्हांची खिचडी होते. माझी मुलगी मराठी माध्यमात शिकते. उर्दू बोलते, पण तिला ती वाचता येत नाही. तिच्यासाठी मी गेल्या रमजानपासून हे सगळं मराठीत आणते आहे.

डेस्कटॉपवर उर्दू, लॅपटॉपवर मराठी. टेबल छोटं, त्यावर दोन कीबोर्ड, दोन माउस. माझी कसरत बघून भाच्याने 'माउस विदाउट बॉर्डर्स' घालून दिलं. मायक्रोसॉफ्टचंच आहे, फुकट आहे, आता पॉवरटॉइजमध्ये मिळतं. दोन्ही कॉम्प्युटर एकाच वायफायवर हवेत आणि दोन्हीकडे तीच सिक्युरिटी की टाकायची. मग माउस लॅपटॉपच्या कडेपाशी नेला की बाण सरळ शेजारच्या पडद्यावर जातो, आणि कीबोर्डही त्याच्या मागोमाग. असे चार कॉम्प्युटर जोडता येतात. मला दोन पुरेत.

मला गंमत वाटली ती वेगळीच. इथून तिकडे अक्षर जात नाही, कोणतं बटण दाबलं एवढंच जातं. अक्षर कुठलं उमटवायचं ते पलीकडचा कॉम्प्युटर ठरवतो. लॅपटॉपवर माझं इनस्क्रिप्ट, डेस्कटॉपवर उर्दू फोनेटिक. इंग्रजी 'के'चं बटण दाबलं की इकडे क, तिकडे काफ. इथपर्यंत ठीक. पण 'पी' दाबलं की इकडे ज आणि तिकडे पे. पहिले आठ दिवस मी वेड्यासारखी लिहीत होते.

मग एका रात्री घात झाला. खुणेसाठी मी डेस्कटॉपवरचा चालू परिच्छेद सिलेक्ट करून ठेवते. त्याचं मराठी झालं, पुढचं वाचायला बाण तिकडे नेला. तेवढ्यात आधीचं एक वाक्य सुधारावंसं वाटलं. नजर लॅपटॉपवर, बोटं कीबोर्डवर, बाण मात्र तिकडेच. दोन-चार शब्द टाइप केले, सवयीने कंट्रोल-एस दाबलं. इकडे काहीच उमटलं नाही म्हणून लॅपटॉपच अडकला असं समजले, दोन्ही बंद करून झोपले. सकाळी पाहते तर अब्बांच्या परिच्छेदाच्या जागी अर्धी ओळ अर्थहीन उर्दू अक्षरं. बॅकअप? पोरांना रोज वह्या जपायला सांगणाऱ्या बाईंनी तो घेतला नव्हता.

तो परिच्छेद आजीचा होता. आजीला लिहिता येत नव्हतं. अब्बांनी शाळेत जायला लागल्यावर तिचं नाव लिहून दाखवलं, आणि तिने ते संध्याकाळपर्यंत पुसू दिलं नाही. अब्बांना अभ्यास करायचा होता, तरीही. आता हे फक्त माझ्या मराठीत उरलं होतं.

भाच्याने सेटिंग बदलून दिलं. आता कंट्रोल दाबून धरल्याशिवाय बाण हद्द ओलांडत नाही. ते आधीच करायला हवं होतं, हे त्याला सांगायची गरज नव्हती, तरी त्याने सांगितलं.

मी मराठीवरून तो परिच्छेद परत उर्दूत लिहायला बसले. अब्बांची वाक्यं छोटी असत, तो बाज जमत होता. पण एका शब्दाशी अडले. मी मराठीत 'पाटी' लिहिलं होतं. अब्बांनी काय लिहिलं होतं? तख्ती? सलेट? तीन दिवस आठवून पाहिलं. शेवटी फुप्पीला फोन केला.

"सलेट किधर की बेटा," ती हसली, "घर में तो सब पाटीच बोलते थे."

अब्बा लिहितानाही तेच लिहीत की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. मी कंट्रोल दाबून बाण डेस्कटॉपवर नेला, दोनदा खात्री केली आणि 'पी' दाबलं. पे उमटला.