कूल, पण गुपचूप!

‘‘गिरणी लावलीस का काय रे रातच्याला?’’

अण्णांचा हा प्रश्न पहिल्या रात्री मी हसण्यावारी नेला. पुण्याहून बॅग आणि कॉम्प्युटर घेऊन धारूरला आलो होतो. अण्णांची बायपास झालेली, आईला एकटीला झेपेना, आणि ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली. दिवसा ऑफिस, रात्री दहानंतर मित्रांबरोबर दोन तास गेम. पुणं सुटल्यावर माझ्याकडे उरलेलं हे एवढंच ‘सोशल लाइफ’! अण्णांची खाट माझ्याच खोलीत. मी टेबलापाशी, कानाला हेडफोन. कॅबिनेटमध्ये सप्तरंगी दिव्यांचे तीन स्वस्त पंखे, प्रोसेसरबरोबर फुकट आलेला छोटा कूलर, आणि या सगळ्यांची मिळून घरघर.

मग ती रात्र आली. अण्णांनी पाण्यासाठी तीनदा हाक मारली. मला ऐकूच आली नाही. मागे वळून पाहिलं तर ते उठून, छातीवर हात धरून, भिंतीचा आधार घेत माठाकडे निघालेले. ‘‘राहू दे म्हटलं, तुझं काम चालायलंय,’’ एवढंच म्हणाले. काम! मी एका काल्पनिक जंगलात काल्पनिक माणसांवर गोळ्या झाडत होतो.

हेडफोन त्या रात्रीच काढला. पण हेडफोन काढला की गिरणी ऐकू येते, आणि गिरणीत हाक विरते. गेमिंग सोडून द्यायचं ना, असं तुम्ही म्हणाल. प्रामाणिकपणे सांगतो, नाही सोडवलं. मग ठरवलं, मशीनच मुकं करायचं.

पहिला मोह अर्थातच लिक्विड कूलिंगचा. काचेआडून चमकणाऱ्या नळ्या, फोटो काय झकास येतात! पण पाणी उष्णता गिळून टाकत नाही, फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. तिथेही पंखेच लागतात, वर पंपाची बारीक गुणगुण. आणि पंप गेला तर? धारूरहून पार्सल जाणार, येणार, तोवर मशीन बंद. साध्या एअर कूलरचा पंखा गेला तर दुसरा कुठलाही त्या मापाचा पंखा क्लिपने लावता येतो. माझा कौल एअर कूलरला.

तपकीर गल्लीपासून लॅमिंग्टन रोडपर्यंत ओळखीच्या सगळ्यांना फोन झाले. शेवटी ऑस्ट्रियाच्या नॉक्टुआचा, २०१४ साली आलेला एनएच-डी१५ घेतला. १४० मिलिमीटरचे दोन पंखे, वजन १.३ किलो आणि रंग चहात बुडवलेल्या बिस्किटाचा. देखणेपणात शून्य मार्क! पण मोठ्या पंख्याचं गणित फार गोड आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की हवा निम्मी होते, आवाज मात्र साधारण १५ डेसिबलने उतरतो. आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्माच वाटतो. म्हणून छोटा पंखा जोरात पळवण्यापेक्षा मोठा पंखा रमतगमत फिरवावा. या कूलरच्या तांब्याच्या नळ्यांत थेंबभर द्रव असतो. तापल्या टोकाला त्याची वाफ होते, गार टोकाला पुन्हा द्रव होऊन ती माघारी येते. आपल्या माठाची चुलत बहीणच म्हणा. माठ वाफ सोडून देतो, ही जपून ठेवते.

एवढं धूड मदरबोर्डवर लटकवून प्रवास करू नये, हे माहीत होतं. म्हणून सुट्टीत पुण्याला जाऊन कूलर आणला तो एसटीत मांडीवर ठेवून. शेजारच्या काकांनी ‘‘इंजिनाचा पार्ट का?’’ असं विचारलं. हो म्हणालो.

बसवला, सुरू केला आणि... घरघर होतीच! मग वर्तमानपत्राची गुंडाळी कानाला लावून डॉक्टरसारखा एकेक भाग तपासला. खरा गुन्हेगार निघाला ग्राफिक्स कार्ड. आधी तपासायचं, मग पैसे खर्चायचे, हे मला कूलर घेतल्यावर सुचलं. पुढचा सगळा इलाज फुकटातला होता. कार्डाला वीज ८० टक्क्यांवर बांधली, फ्रेम्स साठवर थांबवल्या, १०५ वॉटच्या रायझनला इको मोडमध्ये ६५ वॉटवर आणलं. खेळताना फरक डोळ्यांना दिसत नाही. जी उष्णता तयारच होत नाही, ती बाहेर काढायला पंखाही लागत नाही.

आणखी एक गोष्ट अण्णांमुळे कळली. उन्हाळ्यात घरातला मोठा कुलर रात्रभर धडधडतो, तरी ते गाढ झोपतात. माझ्या मशीनचा आवाज त्याच्या पावपटही नव्हता, तरी ते दचकायचे. कारण तो चढायचा-उतरायचा! म्हणून पंख्याला सांगितलं, तापमान जरा वाढलं की लगेच धावू नकोस, थोडा थांब. सप्तरंगी पंखे काढले, पुढची काच काढून जाळी लावली. जाळी दर पंधरा दिवसांनी झटकावी लागते. बालाघाटावरच्या गावात धुळीला तोटा नाही.

तरी मे महिन्यात प्रोसेसर ८५ अंशांवर. मी अस्वस्थ. कुठलाही पंखा खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही आणि आमच्या स्लॅबच्या खोलीत रात्री दहालाही भट्टी असते. (रायझनच्या या पिढीला कंपनीने ९५ अंशांपर्यंत मुभा दिली आहे. आकड्यांकडे टक लावून बसणं हाही एक आजारच.) अण्णा खाटेवरून म्हणाले, ‘‘माळवदात ने की ते.’’

आमच्या घराचा मागचा भाग जुना. जाड भिंती, लाकडी तुळया, वर मातीचा थर. १५६७ सालच्या किल्ल्याच्या गावात जुन्या भिंतींचं कुणाला कौतुक नसतं. आम्ही तिथे ज्वारीची पोती ठेवायचो. पोती हलवली, एक खाट आणि एक टेबल आत गेलं. प्रोसेसर पाच अंशांनी उतरला. अण्णांची झोपही सुधारली, हे आईचं म्हणणं.

आता रात्री मशीन चालू आहे की नाही, ते दिवा बघून कळतं. स्पीकर बारीक, माइक उघडा. परवा खेळताना पुण्याचा मित्र म्हणाला, ‘‘अरे, तो महागाचा कूलर वाया गेला तुझा. केवढी घरघर येतेय इकडे!’’

‘‘तो कूलर नाही,’’ मी म्हटलं, ‘‘अण्णा घोरतायत.’’