दोन गाड्या आणि एक माग

मी मोटारींवर लिहिते आहे म्हटल्यावर घरचे हसणारच. आयुष्यभर मराठी शिकवलं, गाडीचं चाक कधी हातात धरलं नाही. पण विषय नातवाचा आहे, आणि गोष्ट माझी.

२०१८ साली मुलाकडे जपानला गेले होते. नागोयाजवळ नागाकुतेला टोयोटाचं मोटार-संग्रहालय आहे. तिथे नातू एका गाडीपाशी खिळूनच राहिला. टोयोटा २००० जीटी. १९६७ ते १९७० एवढीच वर्षं निघाली. एकूण साडेतीनशेच्या आसपास गाड्या. दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, १५० अश्वशक्ती. लांब नाक, बसकं छप्पर... नजर हटत नाही! यामाहाच्या साथीने बनवलेली. पियानो करणारे ते लोक, त्यामुळे आतलं लाकूडकामही वाद्यासारखं.

मग त्याने मोबाइलवर दुसरी दाखवली. लेक्सस एलएफए. २०१० ते २०१२ मध्ये फक्त ५०० झाल्या. दहा सिलिंडर, ४.८ लिटर, ५६० अश्वशक्ती. इंजिनाचे फेरे इतके झरझर चढतात की साधा काटा मागे पडेल, म्हणून पडद्यावर काढलेला काटा. तिच्या आवाजावरही यामाहानेच मेहनत घेतलेली.

"आजी, तू कोणती घेशील?"

"जुनी. रूप बघ की तिचं!"

"अगं, पण ही मागावर विणलीये!"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच. एलएफए आधी अ‍ॅल्युमिनियमची करायची होती, मग कार्बनच्या धाग्यांची करायचं ठरलं. समोरच्या काचेलगतचे खांब विणायला त्यांनी गोल माग तयार केला. टोयोटा घराणं मुळात मागवाल्यांचं. साकिची टोयोडांनी गोल माग १९०६ सालीच शोधला होता. शंभर वर्षांनी घरचीच विद्या कामाला आली.

मी गप्प झाले. आमचं घर इचलकरंजीचं. आबांचे दोन माग होते. त्या खडखडाटातच मी अभ्यास केला, बी.ए. झाले, नोकरीला लागले, आणि लोकांना सांगताना "वडिलांचा व्यवसाय आहे" एवढंच सांगायची. आबा थकले तेव्हा माग भंगारात काढायचं मीच ठरवलं. "एक तरी राहू दे गं," ते म्हणाले होते. "कोण चालवणार आता?" असं म्हणून मी विषय संपवला. टेम्पो आला त्या दिवशी ते मागच्या दारी जाऊन बसले. धोटा तेवढा हातात होता.

एक माग ठेवला असता तर पुढे त्यावर कुणी काही विणलं असतं, असं नाही. पण त्यांचं मन राहिलं असतं.

असो. रूपाचं विचाराल तर पहिलीचा नंबर अजून पहिलाच. पण नातवाने परत विचारलं, तर मी दुसरी मागणार आहे.