नाद असावा, पण डोळस असावा

मला तीन गोष्टींचा भारी नाद आहे. एक कुस्ती, दुसरा सिनेमा आणि तिसरा खेळ. मग तो कबड्डीचा असो, खो-खोचा असो की पटावरचा. साठी ओलांडलेल्या, नातवंडे असलेल्या बाईने असे उघड सांगितले की लोक हसतात. "आजीबाई, तुम्हाला कुस्तीतले काय कळते?" असे विचारतात. काय कळते ते आज सांगते. मी काही जाणकार नाही, हौशी आहे. पटले तर घ्या, नाही पटले तर सोडून द्या.

आधी कुस्ती. आमच्याकडे यात्रेच्या मैदानात बायकांनी जायचे नाही असा रिवाज होता. आम्ही मुली देवळाशेजारच्या माळवदावर चढून बसायचो. पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या आधी, मग नारळाच्या, मग इनामाच्या आणि दिवस कलताना शेवटची नेमलेली जोड. हलगीचा ठेका बदलला की कुस्ती रंगात आली, हे न बघताही समजायचे. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकलंगी ही नावे मी कुणाकडे शिकायला गेले नाही. माळवदावर बसून, शेजारच्या म्हाताऱ्यांची बोलणी ऐकून ती कानात बसली.

मातीतली कुस्ती मला आवडते ती तिच्या साधेपणामुळे. पाठ लागली की कुस्ती संपली. शेतकऱ्याच्या पोराला हा हिशेब लगेच उमगतो. तालमीतली माती तरी किती निगुतीने करतात! लाल माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालतात, रोज खणून ती भुसभुशीत ठेवतात. पेरणीआधी आपण रान करतो, त्यातलाच हा प्रकार.

पण माझे मत विचाराल तर नुसत्या मातीवर थांबून आता भागणार नाही. ऑलिंपिक आणि इतर मोठ्या स्पर्धा गादीवर होतात, आणि गादीचे गणित वेगळे आहे. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव. समोरच्याला खाली आणून ताबा घेतला की दोन गुण, रिंगणाबाहेर ढकलले की एक गुण, आणि दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते. मातीतला मल्ल अर्धा-अर्धा तास खडाखडी करून समोरच्याला दमवतो आणि मग डाव टाकतो. गादीवर तेवढा वेळ कुणी देत नाही. पोर ताकदीला कमी नसते, ते घड्याळाला हरते. म्हणून गावच्या तालमीत मातीच्या आखाड्याशेजारी एक गादीही असावी. यात्रेच्या वर्गणीतून थोडे थोडे बाजूला काढले तर दोन-तीन वर्षांत ते जमण्यासारखे आहे.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे याचे मोठे उदाहरण. 1948 साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदाच गादीवरच्या कुस्तीला सामोरे गेले आणि सहावे आले. चार वर्षे तयारी करून 1952 मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. गावोगावच्या लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन आल्यावर बैलगाड्यांच्या ताफ्यातून त्यांची मिरवणूक निघाली. पुढे 1984 मध्ये ते अपघातात गेले, आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर पंधरा-सोळा वर्षांनी. महाराष्ट्राच्या वाट्याला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक आले ते 2024 मध्ये पॅरिसला, कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे, नेमबाजीत. मध्ये 72 वर्षे गेली. या 72 वर्षांत आपल्या गावांत ताकदवान पोरे जन्मली नाहीत असे कुणी म्हणेल का?

आता टीव्हीवरच्या कुस्तीकडे वळू. माझा नातू ती बघतो, आणि मीही त्याच्याबरोबर बसते. सूनबाईला हे पटत नाही. पण मला तो प्रकार नवा नाही. आमच्या लहानपणी दारासिंग आणि किंगकाँग यांच्या जंगी कुस्त्यांची नावे खेड्यापाड्यांत पोहोचली होती. 1968 मध्ये दारासिंगांनी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवले, तेव्हा तर पोरांना दुसरा विषय नव्हता. पुढे 1987 मध्ये तेच दारासिंग 'रामायण' मालिकेत हनुमान झाले आणि घराघरांत बायका टीव्हीला हात जोडू लागल्या.

डब्ल्यूडब्ल्यूईची कुस्ती ठरवून केलेली असते. हे काही माझे अनुमान नाही. 1989 साली अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात त्या कंपनीनेच सांगितले की हा करमणुकीचा कार्यक्रम आहे, खरी स्पर्धा नव्हे. खेळांवरचे नियम आणि कर यांतून सुटका व्हावी म्हणून हे सांगितले. कोण जिंकणार, कोण कुणाशी वैर धरणार, हे आधी लिहिलेले असते. मग मी बघते कशाला? वगनाट्यातला राजा खरा नसतो हे ठाऊक असूनही आपण रात्रभर तमाशा बघतोच की! त्या मल्लांची मेहनत खरी असते, उंचावरून अंग टाकणे खरे असते, दुखापतीही खऱ्या असतात. निकाल तेवढा लिहिलेला.

आपल्याकडचा 'द ग्रेट खली' त्यातलाच. हिमाचल प्रदेशातल्या सिरमौर जिल्ह्यातल्या धिराईना गावचा दलीपसिंग राणा. घरची गरिबी, त्यामुळे मजुरी केली, पुढे पंजाब पोलिसांत गेला, आणि 2007 मध्ये त्या कंपनीचा जगज्जेता झाला. जगज्जेतेपद कुणाला द्यायचे हे लिहिणाऱ्याने ठरवले असेल, पण खेड्यातला एक मजूर तिथवर पोहोचला यात खोटे काहीच नाही.

एक गंमत सांगते. 1996 च्या 'खिलाडियों का खिलाडी' सिनेमात अक्षयकुमार अंडरटेकरला हरवतो. पण तो टीव्हीवरचा अंडरटेकर मार्क कॅलवे नव्हेच! ते काम ब्रायन ली नावाच्या दुसऱ्या मल्लाने केले होते. यालाच 1994 मध्ये त्या कंपनीने नकली अंडरटेकर म्हणून खऱ्याच्या समोर उभे केले होते. नातवाला हे सांगितल्यावर तो तासभर हसत होता, आणि तेव्हापासून दुसऱ्या गोष्टींतही 'आजी, हे खरे का नकली?' असे विचारू लागला. हा प्रश्न पोराच्या तोंडी आला हे मला मोठेच वाटते.

मात्र एका बाबतीत मी कडक आहे. ते डाव घरी करून बघायचे नाहीत. मान धरून डोक्यावर आपटण्याचा डाव ते लोक वर्षानुवर्षे शिकून, एकमेकांना सांभाळून करतात. आपली पोरे तो खळ्यावर नाहीतर गच्चीवर करतात. मणक्याला इजा झाली तर सारा जन्म खाटेवर जातो. पोराला रागावून टीव्ही बंद केलात तर ते शेजाऱ्याकडे जाऊन बघेल. त्यापेक्षा शेजारी बसा आणि समजावून सांगा.

सिनेमाचेही तसेच. 1959 च्या 'सांगत्ये ऐका'पासून 1971 च्या 'सोंगाड्या'पर्यंत आणि तिथून 2016 च्या 'सैराट'पर्यंत मी जे मिळेल ते पाहिले आहे, आधी यात्रेतल्या तंबूत आणि आता मोबाईलवर. माझी आवड साधी आहे. सिनेमात आपले माणूस दिसले पाहिजे. दादा कोंडक्यांना शहाणी मंडळी नावे ठेवत. पण लोंबत्या नाडीचा, भोळसट दिसणारा गडी शेवटी बाजी मारतो, हे बघायला राबणारी माणसे गर्दी करत. त्यात त्यांना आपलीच बाजू दिसत होती.

2016 चा 'दंगल' मी चार वेळा पाहिला. हरियाणातल्या बलाली गावचे महावीर फोगाट आणि त्यांच्या मुलींची ती कथा. त्यातही मीठमसाला आहेच. शेवटच्या कुस्तीच्या वेळी बापाला खोलीत कोंडतात, असे काही प्रत्यक्षात घडले नव्हते. गीता फोगाटने 2010 च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले हे खरे. पण सिनेमात ती अंतिम कुस्ती शेवटच्या क्षणापर्यंत ताणली आहे, आणि खरी गीता ती आरामात जिंकली होती. सिनेमावाल्याला प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर बसवायचा असतो, म्हणून त्याने एवढे केले तर मी माफ करते. कारण त्या सिनेमाने मोठे काम केले. मुलीला तालमीत पाठवू का, असे बोलायला बापांची जीभ रेटू लागली.

बायकांची कुस्ती काही नवी नाही. उत्तर प्रदेशातली हमीदा बानू 1950 च्या आसपास पुरुषांशी कुस्त्या लढत होती. 1954 साली बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला दोन मिनिटांच्या आत हरवले. आपल्याकडे पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा 1961 पासून भरते, पण महिलांची पहिली भरायला 2023 साल उजाडले. सांगलीला ती झाली आणि सांगली जिल्ह्यातल्याच प्रतीक्षा बागडीने गदा पटकावली. त्या दिवशी मला माळवदावरच्या आम्ही साऱ्या मुली आठवल्या. त्यांतल्या एक-दोघी अशा होत्या की भावांना सहज उताणे पाडत. त्यांना कुणी विचारलेच नाही.

मुलीला या वाटेने पाठवायचे तर तिथली कसोटीही ठाऊक असू द्या. 2024 मध्ये पॅरिसला विनेश फोगाट अंतिम फेरीत पोहोचली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन शंभर ग्रॅम जास्त भरले म्हणून बाद झाली. बाजारात काट्यावर शंभर ग्रॅमला आपण मोजत नाही, तिथे तेवढ्यावर पदक गेले. तेव्हा मुलगी तालमीत जाणार असेल तर तिचा खुराक मुलाच्या बरोबरीने असला पाहिजे. दूध, तूप, बदाम आधी मुलाला आणि उरले तर मुलीला, हे चालणार नाही.

आता खेळ. कबड्डी 1990 मध्ये आशियाई स्पर्धांत आली आणि तिथून पुरुषांचे सुवर्ण आपलेच, असे आपण धरून चाललो. 2018 मध्ये इराणने पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत ते आपल्याकडून नेले. मला वाईट वाटले, पण बरेही वाटले. बांधावर बसून पीक येत नाही, हे कुणीतरी दाखवायला हवेच होते. 2023 मध्ये चीनमध्ये झालेल्या स्पर्धेत आपण दोन्ही पदके परत आणली. खो-खोचा पहिला विश्वचषक 2025 च्या जानेवारीत दिल्लीत झाला. तो आपल्या मुलांनी आणि मुलींनी, दोघांनीही जिंकला. दोन्ही संघांचे नेतृत्व महाराष्ट्राकडे होते, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे यांच्याकडे. त्याच वर्षी जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, बूट लागत नाहीत. पट आणि सोंगट्या असल्या की शेतघरातही खेळता येते.

मोबाईलवरच्या खेळांना मी सरसकट वाईट म्हणणार नाही. दिवसभर उसाला पाणी धरून आलेल्या पोराने अर्धा तास मोटारी पळवल्या तर बिघडले काय? पण जिथे पैसे लावायचे असतात, तो खेळ नव्हे, तो जुगार. पत्त्यांचा असो वा संघ निवडण्याचा, नाव काहीही असो. आमच्या ओळखीच्या एका घरात सोयाबीनची पट्टी आली आणि आठ दिवसांत मोबाईलमध्येच गेली. आधी शंभर रुपये जिंकू दिले, मग हजार, आणि मग हातातले गेले ते परत आणायच्या नादात खते-बियाण्यांचे पैसेही गेले. घरच्या लक्ष्मीला कळले ते सावकार दारात आल्यावर.

2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. शिक्षा आहे ती असे खेळ चालवणाऱ्यांना आणि त्यांची जाहिरात करणाऱ्यांना. खेळून बुडालेल्याला नाही. तेव्हा घरात कुणी फसले असेल तर भीतीपोटी लपवू नका. फसवणूक झाली असेल तर 1930 या सरकारी क्रमांकावर लगेच कळवा. जितका उशीर कराल तितके पैसे हाती लागणे अवघड. आणि कायदा झाला तरी चोरवाटा उरतातच, म्हणून घरातला पैशाचा हिशेब दोघांच्या नजरेखाली असू द्या, नवऱ्याच्याही आणि बायकोच्याही.

माझ्या तिन्ही नादांनी मला आनंदच दिला. पण कुठला निकाल घामाने लागतो, कुठला आधी लिहिलेला असतो आणि कुठल्या खेळात आपला खिसाच डाव असतो, हे घरातल्या लहानथोरांना ओळखता आले पाहिजे. त्यासाठी पोरांबरोबर बसून बघा आणि बघताना बोला. यंदा यात्रेच्या बैठकीत दोन गोष्टी मांडून बघा: तालमीसाठी एक गादी, आणि मैदानात मुलींची एक तरी जोड. वर्गणीसाठी पहिला हात पुढे करायला माझ्यासारख्या आज्या गावोगावी आहेत. त्यांना नुसते विचारा.