पंचवटींतील रामकंद

देशोदेशीं हिंडून आलेली मंडळी तेथील रस्त्यांवर मिळणाऱ्या खाद्यपदार्थांच्या मोठ्या नवलाच्या गोष्टी सांगतात. बँकॉकच्या बाजारांत तळलेले नाकतोडे व रेशमाचे किडे आपल्याकडील चण्याफुटाण्यांप्रमाणें विकावयास मांडलेले असतात. फिलिपाइन्स बेटांत रात्रीच्या वेळीं फेरीवाले बदकाचें उकडलेलें अंडें विकतात आणि त्या अंड्यांत पिल्लाचा आकार दिसूं लागलेला असतो. चीन देशांत चुना व राख यांत कित्येक आठवडे मुरवून काळीं पडलेलीं अंडीं लोक आवडीनें खातात. हें ऐकून आपण नाक मुरडतों व ते लोक कसे असतील, असा विचार करतों. परंतु नवलाचा पदार्थ पाहावयाचा तर समुद्र ओलांडण्याची मुळींच आवश्यकता नाहीं. आमच्या पंचवटींत येणाऱ्या परक्या प्रवाशासही एक पदार्थ असा दिसतो, कीं तो पाहून त्याची पावलें थांबावींत. त्याचें नांव रामकंद.

रामकुंडावरून काळाराम मंदिराकडे व तेथून सीतागुंफेकडे जाणाऱ्या वाटेवर चिवडा, भेळ, तिखटमीठ लावलेले पेरू यांच्या हातगाड्यांच्या गर्दींत एखादा विक्रेता निराळीच वस्तु घेऊन बसलेला असतो. त्याच्या पुढ्यांत मृदंगाएवढा, गोल, लांबट व तांबूस तपकिरी रंगाचा एक ओंडका असतो. वरून पाहणाऱ्यास ती खाण्याची वस्तु आहे असें वाटणारही नाहीं. विक्रेता धारदार सुरीनें त्या ओंडक्याची कागदासारखी पातळ चकती उतरवितो, तेव्हां आंतील भाग मात्र पांढरा व रसाळ दिसतो. कोणी त्यावर साखर भुरभुरवितो, तर कोणी लिंबू पिळून देतो. चव म्हणावी तर फिकी, थोडीशी गोड. चावतां चावतां रस संपतो आणि तोंडांत धागे राहतात. गोदाकांठीं २०१५ सालचा सिंहस्थ भरला, तेव्हां लक्षावधि यात्रेकरू याच वाटांनीं गेले. त्यांपैकीं कितीजणांनीं ही चकती हातांत घेऊन, "हें काय?" असा प्रश्न केला असेल कोण जाणे! विक्रेत्यांचें उत्तर मात्र ठरलेलें असतें: "रामानें वनवासांत खाल्लेला कंद."

आमचें बालपण पंचवटींतील एका जुन्या वाड्यांत गेलें. संध्याकाळीं आजीचें बोट धरून रामकुंडावर जाण्याचा आमचा परिपाठ असे. आजीस बाहेरचें खाणें मुळींच आवडत नसे. भेळेकडे बोट दाखविलें तर ती आमचें तें बोटच मिटवून टाकी. परंतु रामकंदाच्या पुढ्यांत ती स्वतः होऊन थांबे, कनवटीचे दहा पैसे काढी, आणि चकती हातीं येतांच प्रथम ती कपाळास लावी. मग तिचे दोन तुकडे करून मोठा आम्हांला देई व म्हणे, "बाळा, हें नुसतें खाणें नव्हे. रामराया आणि सीतामाई यांनीं येथें हेंच खाऊन दिवस काढले." आमच्या बालबुद्धीस यांत शंका घेण्यासारखें कांहींच नव्हतें. तो फिका तुकडा आम्ही मोठ्या गंभीरपणें चावीत असूं.

पुढें आम्ही हायस्कुलांत गेलों. तेथें आमचे विज्ञानाचे सर वनस्पतींची रचना शिकवीत होते. मूळ कोणतें, खोड कोणतें, कंद कशास म्हणावें, हा विषय चालला असतां आम्हीं मोठ्या अभिमानानें रामकंदाचें नांव घेतलें. सर म्हणाले, "उद्यां एक चकती घेऊन ये." दुसऱ्या दिवशीं आम्हीं ती केळीच्या पानांत गुंडाळून नेली. सरांनीं ती खिडकीच्या उजेडांत धरली. तिच्यांत जिकडेतिकडे विखुरलेले बारीक ठिपके दिसत होते. मग त्यांनीं उसाचें एक कांडें आडवें कापून आमच्या हातीं दिलें. त्यांतही तसेच ठिपके! सर म्हणाले, "हे ठिपके म्हणजे पाणी व अन्न वाहून नेणाऱ्या नळ्यांचे जुडगे. मुळांत ते मध्यभागीं वर्तुळानें मांडलेले असतात. ऊस, मका, ताड यांच्या खोडांत मात्र ते असे विखुरलेले असतात. तेव्हां ही वस्तु मूळ नव्हे. हें ऊस-ताडाच्या वर्गांतील कोणत्या तरी झाडाचें खोड आहे. कोणत्या झाडाचें, तें मला ठाऊक नाहीं."

सरांचें शेवटचें वाक्य आम्हीं ऐकलें खरें, पण मनांत धरलें नाहीं. पहिलीं वाक्यें मात्र पक्कीं धरलीं.

त्याच महिन्यांत खानदेशांतून आजीची धाकटी बहीण व तिचीं नातवंडें आमच्याकडे आलीं. आजीनें सर्वांस रामकुंडावर नेलें, दर्शनें करविलीं, आणि परततांना रामकंदाच्या विक्रेत्यापुढें उभें राहून प्रत्येकास एकेक चकती घेऊन दिली. ती आपलें नेहमींचें वाक्य उच्चारणार, तोंच आम्ही मोठ्यानें बोललों, "आजी, हा कंदही नव्हे आणि मूळही नव्हे. आमच्या सरांनीं दाखविलें. हा सारा खोटेपणा आहे!" पाहुण्यांचीं मुलें हंसलीं. विक्रेत्यानें मान खालीं घातली. आजी कांहींच बोलली नाहीं. तिनें पैसे दिले, आणि आपली चकती कपाळास न लावतां तशीच पदराच्या टोकांत बांधली. घरीं येईपर्यंत तिनें आमचें बोट धरलें नाहीं.

रात्रीं अंथरुणावर पडल्यावर तिनें विचारलें, "तूं म्हणालास तें खरें असेल. मग तें आहे तरी काय?"

आम्ही म्हणालों, "ठाऊक नाहीं."

"सरांस?"

"त्यांनाही ठाऊक नाहीं."

आजी कांहीं वेळ स्तब्ध राहिली. मग म्हणाली, "मग चारचौघांत एवढ्या मोठ्यानें कशास बोललास? पुरतें कळलें म्हणजे येऊन सांग. मी ऐकेन."

तिच्या शब्दांत राग नव्हता, आणि म्हणूनच ते अधिक लागले. पुढें आम्हीं पुष्कळांस विचारलें. विक्रेते "डोंगरांतून येतो" एवढेंच सांगत व हात दूर कोठें तरी दाखवीत. पुस्तकांतही उत्तर सांपडलें नाहीं. मध्यंतरीं आजी गेली. तो प्रश्न तसाच राहिला.

त्याचें उत्तर चालू शतकांत कोल्हापुरांतून आलें. तेथील शिवाजी विद्यापीठांतील वनस्पतिशास्त्रज्ञ या कोड्याच्या मागें होते. प्रत्येक सजीवाच्या पेशींत डीएनए नांवाचें एक द्रव्य असतें, आणि त्याची मांडणी पाहून त्या सजीवाचें कूळ ओळखतां येतें. विक्रेत्यांजवळील चकत्यांची अशी परीक्षा झाली, तेव्हां त्यांचें नातें घायपाताशीं जुळलें. घायपात म्हणजे कांहीं ठिकाणीं ज्यास केकताड म्हणतात तें झाड. शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला, तरवारीसारख्या जाड व टोंकदार पानांचा जो झुबका आपण पाहतों, तोच हा. त्याच्या पानांपासून वाख काढून दोर वळतात. पानें छाटून टाकलीं कीं मध्यें जें जाड खोड उरतें, तोच आमचा रामकंद! आमच्या सरांनीं उजेडांत धरून जें अनुमान केलें होतें, तें अक्षरशः खरें ठरलें.

या झाडाची जीवनकथाही ऐकण्यासारखी आहे. तें कित्येक वर्षें फुलत नाहीं. तेवढा काळ तें आपल्या खोडांत अन्नाचा सांठा करीत राहतें. मग एके वर्षीं त्याच्या मध्यांतून पंधरा-वीस फूट उंच दांडा निघतो, त्यास फुलें येतात, शेंकडों लहान रोपें त्या दांड्यावरच धरतात व खालीं गळून रुजतात. साऱ्या आयुष्याचा सांठा त्या एका बहरांत वेंचून झाड मरून जातें. चकतीची ती किंचित् गोडी या सांठ्याचीच होय. मात्र घायपाताचा कच्चा रस कातडीस लागल्यास खाज सुटते, तेव्हां ही वस्तु पोटभर खाण्याची नव्हे. कागदाएवढी पातळ चकती कापण्यांत विक्रेत्याचा लाभ तर आहेच, पण खाणाऱ्याचेंही हित आहे.

आतां खरी अडचण पुढेंच आहे. घायपात हें मूळचें मेक्सिकोचें झाड. सिसाल या तेथील बंदरावरून त्याचा वाख परदेशीं जाई, म्हणून त्यास सिसाल हेंच नांव पडलें. मेक्सिकोंत याच कुळांतील झाडांचें खोड जमिनींतील भट्टींत भाजून त्याचे तुकडे बाजारांत विकतात, आणि लोक ते उसाप्रमाणें चघळून चोथा थुंकून देतात. कोलंबस १४९२ सालीं अमेरिकेस पोहोंचला. त्यापूर्वीं हें झाड आपल्याकडे असणें संभवत नाहीं. तेव्हां रामानें हाच पदार्थ खाल्ला, हें म्हणणें टिकत नाहीं.

हें वाचलें तेव्हां प्रथम आम्हांस विजयाचा आनंद झाला. परंतु तो फार वेळ टिकला नाहीं, कारण मन आपोआप आजीच्या एकादशीच्या फराळाकडे वळलें. तिच्या ताटांतील बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, आणि त्याचें नांव पोर्तुगीजांकडून आलेलें. हिरवी मिरची अमेरिकेची. दाण्याचें कूट ज्याचें, तो भुईमूग तिकडचाच. रताळें तिकडचें. राजगिऱ्याची लागवड मेक्सिकोंत प्राचीन काळापासून होत असे. साबुदाणा ज्या कंदापासून करतात, तो कसावाही दक्षिण अमेरिकेचाच. ज्या ताटांत गव्हाची पोळी चालत नसे, त्या ताटांत हे सारे परदेशचे पाहुणे पवित्र होऊन बसले होते! आणि सीताफळ व रामफळ? वनस्पतिशास्त्रज्ञ हीं दोन्ही फळें अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतील मानतात. लक्ष्मणफळ व हनुमानफळही त्याच कुळांतलीं. आपल्या लोकांनीं परक्या मुलखांतील झाडें आपल्या अंगणांत लावलीं, आणि त्यांस घरचींच वाटावींत म्हणून आपल्या आवडत्या कथेंतील नांवें दिलीं. घायपातासही तेंच भाग्य लाभलें.

मग खरें कंदमूळ कोठें आहे? तें आजही आपल्या जिल्ह्यांत आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांच्या डोंगरांत कोकणा, महादेव कोळी, वारली इत्यादि लोक रानांतील कंद ओळखतात व खणून काढतात. कडूकंद नांवाचा कंद तर विषारी कडवट असतो. त्याच्या चकत्या करून राख घालून उकडतात, वाहत्या पाण्यांत रात्रभर ठेवून कडूपणा घालवितात, आणि मगच खातात. वनांत राहून पोट भरणें हें किती ज्ञानाचें व कष्टाचें काम आहे, हें त्या कंदाकडे पाहून कळतें. तो कंद तांबड्या रंगाचा नसतो, मृदंगाएवढा नसतो, आणि त्याच्यापुढें यात्रेकरूंची गर्दीही होत नाहीं.

गेल्या वर्षीं आम्ही मुद्दाम पंचवटींत गेलों. जुना वाडा आतां नाहीं. रामकंदाचा विक्रेता मात्र होता. पूर्वींचा नव्हे, दुसरा. चकती घेतांना आम्हीं हळूच विचारलें, "दादा, हें घायपात ना?" त्यानें आजूबाजूस पाहिलें, थोडासा हंसला, आणि म्हणाला, "साहेब, तुम्हांला ठाऊक आहे, तर पातळच खा." आणि खरोखरच त्यानें नेहमींपेक्षां पातळ चकती कापून दिली. जवळच एक म्हातारी बाई आपल्या नातीच्या हातीं तुकडा देत होती. ती काय सांगत होती, तें आम्हांस न ऐकतांच कळलें. या वेळीं आम्ही बोललों नाहीं. तिनें विचारलें असतें, तर सारें सांगितलें असतें: मेक्सिकोपासून सीताफळापर्यंत सारें, आणि सावकाश.

विद्यार्थी मित्रहो, वर्गांत तुम्हांला जें शिकवितात त्यानें घरांतील एखादी जुनी समजूत खोटी ठरेल, असा दिवस तुमच्याही आयुष्यांत येईल. खरें तें अवश्य सांगा. परंतु तुमच्या सरांच्या तोंडचें "मला ठाऊक नाहीं" हें वाक्यही बरोबर घरीं घेऊन जा, आणि ज्यांस सांगावयाचें त्यांस चारचौघांत न सांगतां रात्रीं निवांत सांगा. त्या दिवशीं घरीं परततांना आजीनें आमचें बोट धरलें नव्हतें. आतां तिला सांगण्यासारखें पुरतें उत्तर आमच्याजवळ आहे, पण ऐकावयास ती नाहीं. तुमच्या घरीं आजी असेल, तर तुम्ही मात्र उशीर करूं नका.