तळाशी ठेवलेलं

घोट्याचं प्लास्टर निघायला अजून दोन आठवडे आहेत. सदाशिव पेठेतल्या खिडकीशी बसून भाचीच्या ‘जावा’ या संगणक-भाषेच्या पुस्तकातले स्वाध्याय सोडवतेय. अप्पा बळवंत चौकातून तिने जुनंच आणलंय. समासात कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणा आहेत.

पहिलाच स्वाध्याय बँक खात्याचा. क्लास, म्हणजे खात्याचा साचा लिहायचा, शिल्लक ‘प्रायव्हेट’ ठेवायची. बाहेरच्या कुणी तिला थेट हात लावायचा नाही. भरायची एक मेथड, काढायची एक. पैसे पुरेसे नसतील तर नाही म्हणायचं. मग ‘न्यू’ लिहून त्यातून दोन खाती, म्हणजे दोन ऑब्जेक्ट उघडली. एकात ५०० भरले, दुसरं शून्यावरच राहिलं. घडण एकच, पण याचं त्याला काही ठाऊक नाही. कितीतरी वेळ बघत राहिले.

क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना नॉर्वेतल्या डाल आणि न्यूगोर यांच्या ‘सिम्युला ६७’ या भाषेतून आली म्हणे. मला मात्र आईचा तांदळाचा डबा आठवला. पितळी, झाकणाला पोचा आलेला. तळाशी रुमालात बांधलेले पैसे. आम्ही कधी हात घातला नाही. मागायचं, ती द्यायची, नाहीतर ‘आत्ता नाही’ म्हणायची. आत किती आहेत, हे तिलाच माहीत.

भाची सांगत होती, ज्या ऑब्जेक्टकडे जायची एकही वाट उरत नाही, ते जावा कधीतरी आपणहून उचलून नेते. कधी, ते सांगता येत नाही.

डबा अजून फडताळात आहे. तांदूळ मी दुसऱ्यात भरते.